शून्याहून जास्त

उस्कुदारच्या उतारावर, सेझाई उस्तांच्या तळघरात
पत्र्याचं पसरट तसराळं, डिंकाच्या पाण्यानं भरलेलं.
शाईत ते बैलाच्या पित्ताचा थेंब टाकतात,
म्हणजे रंग बुडत नाही, पसरतो.
दर गुरुवारी मी कॅमेरा लावून बसते.

एक सुई. डावीकडून उजवीकडे, मग उलट.
निळा लांबतो, बारीक होतो,
बारीक होतो तेवढाच लांबतो.
क्षेत्रफळ मोजून बघा: सकाळी होतं तेवढंच.
वाढत काही नाही इथे, आटतही नाही,
कुणाच्या शेजारी कोण, एवढंच बदलतं.

मी दोन कण धरते,
केसाच्या जाडीहूनही जवळचे.
सुई फिरली की अंतर, पुन्हा फिरली की पुन्हा अंतर,
किती पट झालं, त्याचा लॉगरिदम, भागिले फेऱ्या.
बहुतेक जागी आकडा
शून्य पूर्णांक चारच्या आसपास रेंगाळतो.
(फेऱ्या खरं तर अनंत हव्यात.
उस्तांचे गुडघे तासाभरातच बोलू लागतात.)

आणि कोपऱ्यात एक पिवळं बेट.
तिथले कण एकमेकांना सोडत नाहीत,
गोल फिरतात, घरी येतात.
तिथे शून्य.
नीट पाहिलं तर बेटाभोवती छोटी बेटं,
त्यांच्याभोवती आणखी छोटी,
आणि पुढे माझं भिंग संपतं.

तिथेच अडलंय घोडं.
एवढा खवळलेला भाग दिसतो डोळ्यांना,
पण दिसतो म्हणून आहे, असं आमच्यात चालत नाही.
कोण जाणे, असल्या बारीक बेटांनीच
सगळी जागा गिळली असेल,
आणि गोंधळाच्या वाट्याला उरली असेल
क्षेत्रफळ नसलेली धूळ.
अकरा वर्षं झाली.

"किती आहे मग?" उस्ता विचारतात, चहात साखर ढवळत.
"शून्याहून जास्त," मी म्हणते. "बहुतेक."
ते हसत नाहीत.
"पित्त मी कधी मापानं घातलं नाही," म्हणतात,
"कमी पडलं की मात्र कळतं."

संध्याकाळी वर्तमानपत्राची पट्टी
पाण्यावरून ओढायची, उरलासुरला रंग तिला चिकटतो.
आज निधनवार्तांचं पान आलं हाताला:
दोन नावं, एकाखाली एक,
मधून गेलेला निळा, दोऱ्याएवढा.
उस्तांनी ते टोपलीत टाकलं.
मी काढून घेतलं, ओलंच,
फेरीबोटीत गुडघ्यावर वाळत घातलं.
पँटला डाग पडला.
तेवढा तो कागदावरून कमी झाला असणार,
हे मनात आलंच.