भरती-ओहोटीच्या वहीत

जाहिरातीत लिहिलं होतं: एका दिवसात.
आज टाका, उद्या पोचेल, परवा दुसरी तुमच्या दारात.
अलास्का खाली, बारीक अक्षरात.
बारीक अक्षर वाचायची आम्हाला सवय आहे,
या बेटावर सगळं त्याच अक्षरात येतं.

मी पोस्ट सांभाळते. एक खिडकी, एक वजनकाटा,
दोनशे अकरा पेट्या. एकशे चार नंबरची
अजून सर्गेई स्क्वार्ट्सॉफच्या नावावर.
भाडं त्याचा भाऊ भरतो, दर जानेवारीत, न बोलता.
विमान मंगळवारी आणि शुक्रवारी,
म्हणजे धुक्याची हरकत नसेल तर.
धुक्याची हरकत असतेच.

तो भाऊ, इग्नाती, खेकड्यांच्या बोटीवर एकतीस वर्षं,
भरती कधी लागणार ते मिनिटावर सांगणारा माणूस,
भरती-ओहोटीच्या छापील वहीत, समासात, रकाने आखून आणतो:
गेली. आली. मध्ये किती दिवस.
तेरा. अकरा. सतरा. पुन्हा तेरा.
"चंद्राचा हिशेब जुळतो," म्हणतो, "यांचा जुळत नाही."
मी म्हणते, चंद्राला अँकरेजला विमान बदलावं लागत नाही.

एकदा कंपनीचं पत्र आलं त्याला:
'डिस्क अजून मिळाली नाही. परत करायला विसरलात का?'
ज्या विमानानं हे पत्र आणलं
त्याच विमानानं ती डिस्क जायची होती.
धावपट्टीवरच्या शेडमध्ये पोत्यात पडून होती बिचारी,
दहा दिवस, कुणाच्या तरी लहान पडलेल्या बुटांखाली.

खरं सांगायचं तर सगळा उशीर धुक्याचा नव्हता.
आलेली डिस्क एक रात्र इग्नातीकडे,
मग कॅनरीच्या बराकीत, एर्लिंडा मागबानुआ
आणि तिच्या पाळीतल्या अठराजणींकडे,
मग शाळेतल्या त्या ओहायोच्या मास्तरांकडे,
ज्यांना प्रत्येक प्रसंग थांबवून समजावून सांगायचा असतो,
आणि शेवटी माझ्याकडे. पाकीट चिकटवायच्या आधी
एक रात्र माझी. कुठल्या नियमात बसतं, विचारू नका.
बारा घरचं पाणी पिऊन ती परत निघायची,
कडेला माशाच्या खवल्याचा एक चमकता ठिपका घेऊन.
कंपनीच्या लेखी: एक सुस्त ग्राहक.

त्या मार्चमध्ये तिसरी डिस्क आधी आली
आणि दुसरी कुठेतरी राहून गेली.
दीपगृहावर राहणाऱ्या एका कुटुंबाची मालिका होती.
थांबणार कोण? तिसरी लावली.
तिच्यात धाकटा मुलगा गेलेला होता.
कसा, ते कळेना. सगळे नुसते
खुंटीवरच्या त्याच्या कोटाला वळसा घालून चालत होते.

सोळा दिवसांनी दुसरी आली,
आणि तो आला. तोच कोट अंगात,
ओले बूट न काढता थेट स्वयंपाकघरात,
बटाटे सोलत, आईला काहीतरी खोटं सांगत.
एकोणीस बायका आणि एक म्हातारा,
बराकीत कुणी ओठ हलवला नाही.
इग्नाती उठला, शेगडीत लाकूड घालायला.
शेगडी भरलेली होती.
तिथेच उभा राहिला, हातात ओंडका धरून, पडद्याकडे पाठ.

पडद्यावर वारा सुटला, नाव पाण्यात ढकलली गेली,
तेव्हा एर्लिंडानं रिमोट उचलला.
"पुरे," म्हणाली. "पुढचं आपल्याला माहीत आहे."
मास्तरसुद्धा त्या खेपेला म्हणाले, नको, राहू दे.
मी ती रात्रीच पाकिटात घातली.
माझी रात्र मी घेतली नाही.

पुढची डिस्क नवव्या दिवशी आली.
इग्नातीनं बोटांवर मोजलं, मग वहीत, मग पुन्हा बोटांवर.
"नऊ कसे?" त्यानं विचारलं, खिडकीत कोपर टेकून.
हवा चांगली होती, मी म्हटलं,
आणि त्याला एकशे चारची पावती दिली.