कुंडी नंबर एकेचाळीस

जाळीघरात तिसरी रांग, नळापासून जरा लांब,
कुंडी नंबर एकेचाळीस.
पाणी बेतानं. जास्त झालं की कंद कुजतो,
म्हणून झारीचं तोंड मी बोटानं अर्धं झाकते.

पाटीवर पठाराचं नाव, तारीख
आणि एक लॅटिन नाव
जे मला लिहिता येतं, म्हणता येत नाही.
त्याखाली मीच लिहिलंय : खर्पुडी.
पेन्सिलीनं. पेन ओलीनं पुसतं.

अण्णांना एकदा आणलं होतं,
सीपीआरमधून डोळा दाखवून परत जाताना.
एका डोळ्यावर हिरवी पट्टी; दुसऱ्यानं
मेंढरं मोजावीत तशा कुंड्या मोजत गेले
आणि एकेचाळीसपाशी थांबले.
"ही तर आमी खायाचो की गं.
काठीनं उकरायची, धोतराला पुसायची, कच्चीच.
लई ग्वाड. तान लागली की हीच."
मग जरा आवाज उतरवून,
आजारी माणसाच्या उशाशी बोलतात तसं :
"किती ऱ्हायल्यात?"

इथं अकरा, मी म्हटलं.
तिकडचं सांगितलं नाही.
तेवढ्यात मॅडम आल्या, तर अण्णांनी टोपी काढली,
बांधावर सापडलेल्या चोरासारखे उभे.
"आमच्या पोटात गेल्या, बाई."
मॅडम म्हणाल्या, तुमच्या काठीनं नाही हो संपत.
पठारावर जेसीबी फिरला, रस्ता गेला, बंगले आले.
अण्णांना ते पटलं नाही.
रंकाळा स्टँडला एसटी लागेस्तोवर
बोटांवर काहीतरी मोजत बसले होते.

भादव्यात एकेचाळीसला फुलं आली. नऊ.
फूल कसलं, कंदीलच : पाच पाकळ्या
वर टोकाशी चिकटलेल्या, खाली हिरवट नळी,
नळीत उलटे केस.
चिलटाएवढी माशी आत जाते ती अडकते.
रात्रभर आत. मग केस सुकतात, वाट सुटते,
ती पराग घेऊन निघते आणि
शहाणी न होता पुढच्या कंदिलात शिरते.
त्या वेडेपणावर ही जात आजवर चालली.

ती माशी पठारावरची.
सायबर चौकातल्या माश्यांना उसाचा रस पुरतो.
म्हणून मीच माशी झाले.
डोळ्याला भिंग, हातात घोड्याच्या शेपटीचा केस,
श्वास धरून.
आठ फुलं गळाली.
एकाला शेंगा धरल्या, करडाच्या शिंगांसारख्या, दोन.
त्यांना मी मलमलीची पिशवी बांधली.
उडणं हे बियांचं कामच आहे
हे माहीत असून बांधली.

दोन पावसाळ्यांनी सात रोपं घेऊन आम्ही वर गेलो.
जागा अण्णा दाखवणार होते.
त्यांनी काठीनं तीनदा तीन जागा दाखवल्या.
एकीवर कुंपण होतं, एकीवर पाण्याची टाकी,
तिसरीवर नुसतं गवत आणि कातळ. तिथंच लावली.
मॅडमनी वहीत लिहिलं :
माहिती देणारे, सिदू बिरू येडगे.
अण्णांनी ती ओळ दोनदा वाचून घेतली, माझ्याकडून.

चार जगली. एक मेंढरांनी खाल्ली. दोन कशानं गेली कळलं नाही.

उतरताना अण्णा म्हणाले, "समदी आणलीस?"
न्हाई, म्हटलं. एकेचाळीस तिथंच हाय.
थोडं चालले. काठी खांद्यावर घेतली.
"आमी न्हाई ठिवली कवा मागं," म्हणाले.
"तू ठिवलीस. बेस केलंस."