डावी बाजू

दोनशे सातची डावी बाजू
दोन सालापासून कलेल.
हिवरखेडचा मिस्तरी म्हणे, गाडीच इकून टाका.

आज बाभळीच्या ओंडक्यावर चढवली तिले.
यू-क्लॅम्पचे नट हालेनात.
आधी रॉकेल, मंग घन, मंग शिव्या.
देवानंद खाली, मी टॉर्च धरून.
"इकडे दाव वं. माह्या तोंडावर नोको."

पाटे सुटले,
पत्त्यांच्या कॅटासारखे आंगनात पसरले.
तिसरा तुटेल. मधोमध, भोकापाशी.
चीर जुनी, आतून गंजेल,
ताजी चमक फक्त बोटभर.

म्हणजे एवढे दिवस
संत्र्याची एकेक खेप
या बोटभर लोखंडावर गेली.
मामंजीले दवाखान्यात नेलं, ते रात बी.

तो गप. मी बी.
मंग त्यानं चिंधीनं पुसून
तुटका पाटा चुलीपाशी ठेवला.
"इळा होईल याचा.
चोवीसचा पाना दे."