एक लाख चार हजार सातशे एकोणतीस

रास अल खैमाच्या गोदामात
बंद झालेल्या मॉडेलच्या फरश्या, खजुरी रंगाच्या,
फूट बाय फूट.
वर्षअखेरीस मी आणि उस्मान चौगुल्याने मोजल्या,
तीन रात्री, खडूने खुणा करत :
१०४७२९.

पॅलेटवर चाळीस-चाळीस लावा, नझार मॅनेजर म्हणाला.
नऊ उरल्या.
छत्तीसने पाच. सातने दोन.
तुमचंच मोजताना चुकलंय, तो म्हणाला.
पुन्हा मोजल्या. चुकलं नव्हतं.

मग चलनाच्या पाठीमागे भागायला बसलो,
दापोलीच्या कॉलेजात अर्धवट सुटलेली सवय.
वर्गमुळापर्यंतच जायचं असतं.
त्यापलीकडचा भाजक कुणी असलाच
तर त्याचा धाकटा जोडीदार वाटेतच भेटतो.
सहासष्ट भाजक, शेवटचा तीनशे सतरा.
खाडीवर उजाडलं,
मासळीच्या होड्या भोंगे देत आत आल्या,
आणि दर वेळी काहीतरी उरलंच.

मूळ संख्या आहे ही, उस्मानला सांगितलं.
दोनपासून मोजत आलं तर बरोबर दहा हजारावी.
"मूळ म्हणजे? मूळ गाव असतं तसं?"
तसंच रे. फॉर्मवर तो रकाना असतो ना,
किती कॅम्प बदलले तरी न बदलणारा.

नझारने कॅल्क्युलेटर दाबला आणि हसला.
एक कमी करून बघ :
आठ गुणिले तेरा गुणिले एकोणीस गुणिले त्रेपन्न.
मग रचा कशाही.
एक फोडा, तुटफुटीत लिहा, विषय संपवा.

उस्मान बोलला नाही.
त्याने एक फरशी उचलली,
बोटाच्या पेराने वाजवली, कान लावून ऐकली,
आणि ठेवली, होती तिथेच.

चारने भागून एक उरतो अशी मूळ संख्या
दोन चौरसांत बसते,
आणि एकाच रीतीने, दुसरी नाहीच.
हे मला रात्रभर आठवलं नव्हतं.
तीनशे तेवीसचा वर्ग, अधिक विसाचा वर्ग :
भागाकार जिथे दमून थांबला होता
तिथूनच एक अख्खं अंगण पसरलेलं.

मोठा चौरस हॉटेलच्या आवारात गेला,
नझारने सही केली.
लहान? टाका कुठेही.
आम्ही कॅम्पच्या मागच्या वाळूत टाकला,
वीस बाय वीस,
जिथे इतकी वर्षं ताट हातात धरून उभ्याने जेवत होतो.

उस्मानने दोरी ताणली. तीन, चार, पाच.
"पाचही तसलीच का रे?"
तसलीच. एकाचा वर्ग, दोनाचा वर्ग.
तुझ्या फरश्यांच्या आकड्याचाही काटकोन होतो,
फक्त कर्णालाच वीस मैल दोरी लागेल.
"हत्ता नावेकडून मागव," तो म्हणाला,
आणि पहिल्यांदा हसला.

शेवटच्या कोपऱ्यात एक निसटली हातातून.
चार तुकडे.
गोदामात तर आता नुसता खडू उरलेला.
ती जागा त्याने सिमेंटने घोटली,
वर ओलं गोणपाट टाकलं, सात दिवस पाणी मारलं.

मी वहीतला आकडा बदलला नाही.

रात्री जेवायला उस्मान त्याच चौकटीवर बसतो,
मांडी घालून,
मावतो तेवढा.