मुख्य बटण: उजवे

सातपूरची जनरल शिफ्ट सुटते
तेव्हा मी आता घरातून निघतो,
अशोक स्तंभाकडं,
झेरॉक्सच्या दुकानावर, लोखंडी जिना चढून.
सहा कॉम्प्युटर आहेत आणि एक पंखा.

शिकवणारी तांबोळींची यास्मिन, वय तेवीस.
मला काका म्हणते,
आणि चुकलं की, "काका, घाई नको."
एकोणतीस वर्षं लेथ चालवली मी,
घाई नको हे तेव्हा मीच पोरांना सांगायचो.
एकदा स्वतःला सांगायचं राहिलं.
उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं वरचं पेर
तेव्हापासून नाही.

पहिल्या दिवशी तिनं विचारलं, काय दिसतंय?
म्हटलं, डोंगर. कुणाच्या तरी गावचा.
"याला डेस्कटॉप म्हणायचं. म्हणजे टेबलाची वरची बाजू."
टेबल असं उभं कसं, हे मी विचारलं नाही.

माउस इथं सरकवला की बाण तिथं सरकतो,
हे लगेच जमलं.
चाक इथं फिरतं, टूल तिथं पुढं जातं,
यात नवीन काय?
फक्त इथं लोखंडाचा कीस पडत नाही,
हात धुवावे लागत नाहीत.
तरी घरी जाऊन मी धुतो.

अडलं ते डबल क्लिकपाशी.
बोटाचा ठोंब बटणावर परत टेकेपर्यंत
पहिली टिचकी विझून जाते,
दुसरी एकटी पडते.
फाइल उघडत नाही, नुसतं नाव निळं होतं.
शेजारी भद्रकालीतल्या गायधनीबाई,
पिठाच्या गिरणीचा हिशोब शिकायला आलेल्या,
त्यांची उघडते.
माझी निळीच.

यास्मिननं हात पाहिला, बोलली काही नाही.
सेटिंग्ज उघडलं, त्यात आणखी एक कप्पा, त्यात आणखी एक,
आमच्या टूलरूमसारखं,
आणि एका ओळीवर थांबली.
मुख्य बटण: डावे.
त्याचं उजवे केलं.
मग माउस उचलून
कीबोर्डच्या पलीकडं ठेवला, डाव्या हाताशी.
"आता बघा."

उघडली.

मी बराच वेळ त्या ओळीकडंच बघत होतो.
तीन कारखाने, सात मशिनं,
एकानंही विचारलं नव्हतं तुझा हात कोणता.
साहेबांनी विचारलं होतं एकदा,
ते विम्याच्या फॉर्मसाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बॅचचा पोरगा म्हणे ओरडला,
"मॅडम, या मशीनला भूत लागलंय!"
बटणं मी तशीच ठेवून गेलो होतो.
मग तिनं मला वेगळं खातं काढून दिलं.
नाव टाका म्हणाली, मराठीत.

त्र्यंबक.
पगाराच्या पाकिटावर कायम त्रिंबक,
एका ठेकेदारानं तर तंबक लिहिलं होतं
आणि मी सहीही केली होती त्यावर.
त. त्याचा पाय मोडायचा.
र. त्याचाही मोडायचा.
मग य, वर टिंब.
दोन पाय मोडले तेव्हा कुठं
ते अक्षर उभं राहिलं.
ब आणि क साधी माणसं, हाक मारली की आली.

काल कचऱ्याची टोपली झाली.
टाकलेलं लगेच जात नाही म्हणाली,
टोपली रिकामी करेपर्यंत परत आणता येतं.
मी विचारलं, काहीही?
ती हसली नाही.
"फाइल, काका."

लेथ बंद केली तरी चक फिरत राहतो,
त्या अर्ध्या मिनिटातच माझं पेर गेलं.
म्हणून शट डाउन केल्यावर
पडदा काळा झाला तरी मी उठत नाही.
दोन्ही हात मांडीवर,
खालच्या डब्याकडं कान.
यास्मिन दारात, शटरची किल्ली बोटात फिरवत,
"झालं काका, बंद झालं."
थांब म्हणतो.
अजून फिरतंय आत काहीतरी.