शुद्धिपत्र

भुजंगराव मुदगलकर जनावरांच्या दवाखान्यात कारकून होते.
बैल, म्हैस, शेळी, कधीमधी टांग्याचं घोडं,
एकतीस वर्षं रजिस्टरात नोंदवलं.
हत्ती आणि उंट मात्र
संध्याकाळी घरी, मेणकापडाच्या पटावर.

मी अय्यूब. परभणीत, स्टेशन रोडला खिळे जुळवायचो.
शुक्रवारी ते सदर घेऊन यायचे,
सायकलच्या कॅरियरला अडकवलेलं,
पाठकोऱ्या कागदावर.
मागच्या बाजूला लाळ्या-खुरकुताची लस:
किती आली, किती उरली.

त्यांच्या सदराला आमच्या केसमधला 'ह' पुरायचा नाही.
हत्तीचा ह. शेवटच्या पट्टीचा ह.
मालक कावायचे,
सांग त्यांना, हत्ती लवकर मारत जा म्हणावं.
सांगितलं. हसले.
पुढच्या शुक्रवारी खरंच,
दहाव्या खेळीपर्यंत चारी हत्ती पटाबाहेर.

मीटरगेजनं मनमाड, तिथं गाडी बदलून पुढं.
डब्यात चटणी-भाकरी, उशाला पट.
राज्य स्पर्धेत एकदा सहावे आले.
एकदा एका रशियन ग्रँडमास्टरशी बरोबरी.
तो त्या दिवशी चाळीस जणांशी एकदम खेळत होता,
हे ते स्वतःच आधी सांगायचे.

मग पुस्तक काढलं,
हरलेल्या चौसष्ट डावांचं.
"जिंकलेले कुठंयत, सर?"
"जिंकलो तेव्हा समोरचा चुकलता, अय्यूब.
त्याच्या चुकीवर मी काय लिहू?"
पाचशे प्रती.
तीनशे त्यांच्याच पलंगाखाली.

सतरा वर्षांनी सोनपेठहून कार्ड आलं.
चंचला फड, इयत्ता नववी.
'डाव एकविसावा. हत्ती इ५ ही खेळी फार आवडली.
पण तिच्यानंतर तुम्ही हरलात कसे?
मला तर सहा खेळ्यांत मात दिसायलीय.'

कार्ड घेऊन ते आले, तोवर खिळे मोडीत गेलते.
मी ऑफसेटवर लग्नपत्रिका काढायचो.
पिशवीतून त्यांनी जुनं हस्तलिखित काढलं.
त्यात ड५ होतं.
ड ला खाली शेपूट जास्तीचं,
मीच लावलेलं.

"सर, शुद्धिपत्र छापून देतो. फुकट."
त्यांना ऐकूच आलं नाही.
कागदाच्या गठ्ठ्यावर पट मांडला.
कोपराला शाई लागली.
लाइट गेली, आली.
पाच.
सहा.

जालन्याला, अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात,
पंख्याखाली ते दोन तास ह्याच हत्तीकडं बघत बसलते.
"काहून दिसलं नाही रे मला?"
मला विचारलं की हत्तीला, कळलं नाही.

शुद्धिपत्र छापलं. मजकूर त्यांचा:
'पान ७४, ओळ ९. छापलंय ते बरोबर आहे.
चूक लेखकाकडून खेळताना झाली.'

पलंगाखालची पुस्तकं बाहेर ओढून
आम्ही दोघांनी चिठ्ठ्या चिकटवल्या, दोन रविवार.
खळ त्यांच्या बायकोनं करून दिली, मैद्याची.
एक प्रत सोनपेठला गेली, रजिस्टर पोस्टानं.
बाकीच्यांना पुढं
नेमकी त्याच पानाला
मुंग्या लागल्या.