पाऊणकी

पाच मीटरचं रीळ एसटीच्या पार्सलनं आलं,
खोका दमट, आतल्या पुड्या फुगलेल्या.
तीन मीटर कापले. मीटरला साठ,
म्हणजे एकशेऐंशी दिवे
आणि प्रत्येकाला नंबर. शून्यापासून.

"शून्य नंबरचा म्हंजे कोनीच नाय ना?"
धाकू तांडेलानं विचारलं.
म्हटलं, तोच पहिला.
त्यानं विडी दुसऱ्या कानावर ठेवली.

जेटीच्या शेडला खाडीकडच्या भिंतीवर उभी चिकटवली,
होड्यांना मुखापासून दिसेल अशी:
दांड्यावर पाणी किती, आत यावं की थांबावं.
डबी वळचणीला, म्हणून निरोप वरून खाली.
शून्य आभाळाजवळ, एकशेएकोणऐंशी चिखलाजवळ.
पाणी चढतं तसे माझे आकडे उतरतात.
सवय होते.

तीन तारा. लाल पाच व्होल्टची, पांढरी जमिनीची,
हिरवी निरोपाची.
सगळ्यांचा निरोप एकदमच निघतो.
पहिला आपल्यापुरता रंग काढून घेतो,
उरलेलं खालच्याला देतो, तो त्याच्या खालच्याला,
जशी मासळीची पाटी हातातून हातात,
फक्त इथं प्रत्येकजण एक पापलेट ठेवून घेणारा
आणि व्यापाऱ्यापाशी पाटी रिकामी.
सगळे एकदम पांढरे लावले की तळचे तांबूस पडतात,
दम पुरत नाही.
म्हणून निळा. तोही मंद.

पाण्यात सेन्सर टाकला होता आधी.
तीन आठवड्यांत खारानं खाल्ला,
वर दोन कालवं बसली.
मग धाकूनंच सांगितलं: "तिथीची पाऊनपट कर."
दशमी? दाहे पाऊण साडेसात.
साडेसाताला भरती, सकाळी नि रात्री.
भांगाला थोडकी, उधाणाला भरपूर.
चौथी नापास माणूस,
पाऊणकी तोंडपाठ,
तीसपर्यंत न अडखळता.
मी ती एका ओळीत लिहिली:
गुणिले तीन, भागिले चार.
त्या रात्री भिंत पहिल्यांदा निळी चढली.

मार्गशीर्षात एकेचाळिसावा मेला.
बेचाळिसावा जिवंत होता,
त्याच्याखालचे सगळे जिवंत होते,
पण अंधारात. निरोपच पोचत नव्हता.
तांब्याच्या ठिपक्यांवर कात्रीची खूण असते, तिथंच कापायचं.
मेलेला काढला, टोकाला टोक, कथलाचा डाग,
वर गरम गोंद, खार शिरू नये म्हणून.
बेचाळिसावा आता एकेचाळिसावा.
त्याला ते माहीत नाही,
तो मिळालेला रंग दाखवतो.
सोनू मस्कतला गेला तेव्हा
पाट्यांची रांग अशीच एक पाऊल सरकली होती,
तिसऱ्या दिवशी कुणाच्या ध्यानातही नव्हतं.
शेवटच्या नंबरावर आता कुणी नाही.
प्रोग्राम अजून त्याचा रंग पाठवतो,
तो तारेच्या टोकावरून गळून पडतो.
तेवढं मी खोडलं नाही.

मग अष्टमीला दक्षिणेचा वारा सुटला.
भिंत म्हणत होती, पाणी कमी, थांबा.
धाकू बघत होता पाण्याकडे.
होडी काढली, दांडा ओलांडला, परत आला,
आणि निळ्याच्या वर चार दिवे मोजून
खडूनं रेघ मारली.
"तुजी बत्ती पंचांग वाचत्ये, बाय.
वारा कंदी वाचनार?"

रात्री प्रोग्राम उघडला.
एक ओळ घातली: दक्षिणेचा असेल तर वजा चार.
(वजाच. माझ्याकडे वर म्हणजे उणं.)
पण दक्षिणेचा आहे हे त्याला सांगणार कोण?

शेडच्या खांबाला एक बटण बसवलंय,
साधंच, दारावरच्या बेलचं, गुलाबी,
बाजारात तेवढाच रंग शिल्लक होता.
पहाटे धाकू येतो,
नाक वर करतो,
दाबतो.
किंवा नाही दाबत.